वाचता येते, पण समजते का? तिसरी ते पाचवीच्या मुलांचे वाचन-लेखन आणि आपले घर

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात इथिओपियाच्या एका अधिकाऱ्याचा प्रसंग येतो. तो राणीच्या खजिन्याचा प्रमुख, म्हणजे शिकलेला आणि मानमरातब असलेला मनुष्य होता. यरुशलेमेहून परतताना रथात बसून तो यशया संदेष्ट्याचा ग्रंथ मोठ्याने वाचीत होता. त्याचे वाचन संत फिलीपच्या कानी पडले. उच्चारात काही खोट असल्याचा उल्लेख तेथे नाही. तरीही फिलीपने विचारले ते एवढेच, की वाचलेले त्याला उमगते आहे काय. त्या अधिकाऱ्याने प्रांजळपणे आपली अडचण सांगितली आणि फिलीपला रथात येऊन शेजारी बसण्याची विनंती केली.

आपल्या घरातील आठ ते अकरा वर्षांच्या मुलामुलींच्या संदर्भात हाच प्रश्न आज आम्हांला भाविकांपुढे ठेवावासा वाटतो. आपले मूल वाचते, हे आपण पाहतो. वाचलेले त्याला समजते का, हे आपण क्वचितच विचारतो. आणि त्याच्या शेजारी बसण्याचे तर आपण बहुधा दुसरीतच थांबवलेले असते.

वळणाची वर्षे

मूल पहिली-दुसरीत असताना घरात मोठा उत्साह असतो. आई अक्षरे गिरवून घेते, वडील दुकानांच्या पाट्या वाचून घेतात, आजी बाराखडी म्हणवून घेते. मूल तिसरीत गेले आणि धडा न अडखळता वाचू लागले की आपण समाधानाने म्हणतो, "आता त्याला वाचता येते." पुढचे काम शाळा आणि शिकवणी यांच्यावर सोपवून आपण बाजूला होतो.

वास्तविक खरी चढण याच ठिकाणी सुरू होते. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ जीन चॉल यांनी १९८३ साली वाचनविकासाच्या टप्प्यांची मांडणी केली. त्यांच्या मते साधारणपणे तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकते; चौथीपासून त्याला शिकण्यासाठी वाचावे लागते. पहिल्या टप्प्यातील पुस्तकांत मुलाच्या ओळखीचेच जग असते: घर, गाय, पाऊस, जत्रा. दुसऱ्या टप्प्यात अनोळखी जग समोर येते: संविधान, परिसंस्था, अपूर्णांक, शिवकालीन किल्ल्यांची व्यवस्था. वाक्ये लांबतात, शब्द बोलण्यातले न राहता पुस्तकी होतात. तिसरीपर्यंत हुशार म्हणून नावाजलेले मूल चौथीत अचानक मागे पडते. आपण त्याला आळशी ठरवतो. बहुतेक वेळा ते आळशी नसते. धड्यातील शब्द त्याला वाचता येत असतात, परंतु त्यांचा अर्थ त्याच्या हाती लागत नसतो.

हा प्रश्न किती व्यापक आहे याची कल्पना 'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालांवरून येते. ग्रामीण भारतात पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ साली सुमारे ५० टक्के होते. करोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ साली ते सुमारे ४३ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ साली पुन्हा ४९ टक्क्यांच्या आसपास आले. म्हणजे जवळजवळ निम्मी मुले तीन इयत्ता मागे आहेत. शिवाय ही चाचणी उतारा मोठ्याने वाचता येतो की नाही, एवढेच पाहते. वाचलेले समजले की नाही, हा प्रश्न त्यापुढचा आहे.

देवनागरीचा गुण आणि त्याआडची उणीव

फिलीप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. अक्षरांवरून शब्द ओळखण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे वाचन. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. दोहोंपैकी एक शून्य असेल, तर उत्तरही शून्यच येते.

आपल्या भागातील अनेक मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात आणि मराठी हा केवळ एक विषय म्हणून शिकतात. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कायदा करून सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण येथे एक गफलत होण्याचा संभव असतो. देवनागरी लिपी बहुतांशी जशी लिहिली तशीच उच्चारली जाते. बाराखडी आणि जोडाक्षरे पक्की झाली की मूल कोणताही मराठी मजकूर घडाघडा वाचू शकते, मग त्याचा अर्थ समजो वा न समजो. इंग्रजीत मूल अडखळले की अडचण कानावर येते. मराठीत तीच अडचण लपून राहते. धर्मशिक्षणाच्या वर्गात शुभवर्तमानातील उतारा खणखणीत वाचणाऱ्या मुलाला "यातील जकातदार म्हणजे कोण?" असे विचारून पाहावे. उत्तर मिळालेच, असे सांगता येत नाही.

घरच्या घरी एक लहानशी पारख करता येते. मुलाच्या इयत्तेच्या पुस्तकातील, त्याने पूर्वी न वाचलेला एक परिच्छेद त्याला वाचायला द्यावा. मग पुस्तक मिटून, "हे तुझ्या शब्दांत मला सांग," असे म्हणावे. मुलाने स्वतःच्या शब्दांत, घरच्या बोलीत का होईना, आशय सांगितला तर काळजीचे कारण नाही. त्याने पुस्तकातील दोन-तीन वाक्ये जशीच्या तशी म्हटली किंवा ते गप्प राहिले, तर काम कोठे आहे हे आपल्याला कळते. ही परीक्षा नव्हे, आणि तिचा निकाल शेजाऱ्यांना सांगायचाही नसतो.

"आम्हांला इंग्रजी येत नाही"

या विषयावर पालकांशी बोलताना आम्हांला सर्वांत अधिक वेळा ऐकू येणारे वाक्य हेच आहे. आई-वडील मराठी शाळेत शिकलेले. आजी-आजोबा सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोली बोलणारे. आणि मुलाची पुस्तके इंग्रजी. "आम्ही काय शिकवणार?" असे म्हणून पालक मुलाला दोन-दोन तास शिकवणीला बसवतात. तेथे प्रश्नांची उत्तरे लिहून मिळतात आणि ती पाठ होतात. गुणपत्रिका बरी दिसते. समज मात्र जेथे होती तेथेच राहते.

अशा पालकांना आम्ही सांगू इच्छितो की आपल्याजवळ जे आहे तेच मुलाला हवे आहे. कॅनडातील भाषाशास्त्रज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली असे प्रतिपादन केले की एका भाषेत घडलेली समज दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. कारण शोधणे, क्रम लावणे, लेखकाच्या म्हणण्याचे सार काढणे या गोष्टी मूल ज्या भाषेत सहज विचार करते त्या भाषेत आधी रुजतात. नंतर दुसऱ्या भाषेतील शब्द त्यांवर चढतात. उदाहरण घेऊ. विज्ञानाच्या पुस्तकात 'इव्हॅपोरेशन' हा शब्द येतो. मूल त्याची व्याख्या पाठ करते. वसईच्या आजोबांनी त्याला मिठागर दाखवले, समुद्राचे पाणी वाफ्यांत कसे घेतात, उन्हाने ते कसे आटते आणि मागे मीठ कसे उरते हे आपल्या बोलीत सांगितले, की व्याख्येचा अर्थ त्याला कायमचा लागतो. आजोबांना तो इंग्रजी शब्द ठाऊक असण्याची गरज नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेत किंवा घरच्या भाषेत शिक्षण द्यावे, अशी भूमिका घेतली आहे. ज्यांनी मुलांसाठी इंग्रजी माध्यम निवडले त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यामागे मुलांच्या भवितव्याची चिंता असते. परंतु शाळेचे माध्यम बदलले म्हणून घराचे माध्यम बदलण्याचे कारण नाही. मोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलण्यापेक्षा समृद्ध मराठीत बोलणे मुलाच्या इंग्रजीलाही अधिक उपकारक ठरते.

आपल्या ख्रिस्तसभेला हा विचार नवा नाही. १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्रज. त्यांनी येथील भाविकांसाठी तारणाचा इतिहास मराठी ओव्यांत रचला. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे, देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्याने रोमन लिपीत, छापले गेले. ऐकणाऱ्याला त्याच्या भाषेत अर्थ कळला पाहिजे, हाच त्या परिश्रमांमागील आग्रह होता.

रोजची वीस मिनिटे

विरार लोकलने रात्री घरी पोहोचणाऱ्या आई-वडिलांना आम्ही तासभर द्या असे म्हणणार नाही. वीस मिनिटे पुरेत. मात्र ती रोजची असावीत. जपमाळेच्या प्रार्थनेनंतरची किंवा रात्रीच्या जेवणानंतरची वेळ ठरवून घ्यावी. दूरदर्शन संच बंद असावा आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत असावा. मुलाचा तर असावाच, परंतु आपलाही असावा.

शेजारी बसावे. समोर बसले की परीक्षक वाटतो, शेजारी बसले की सोबती वाटतो. एक पान आपण वाचावे, एक पान मुलाने वाचावे. मूल मोठे झाले म्हणून त्याला वाचून दाखवणे थांबवू नये. या वयातील मुलाची ऐकून समजण्याची शक्ती स्वतः वाचून समजण्याच्या शक्तीपेक्षा बरीच पुढे असते. त्यामुळे त्याला स्वतःला न झेपणारे पुस्तक ते आपल्या तोंडून आनंदाने ऐकते आणि त्यातून नवे शब्द उचलते.

मूल एखाद्या शब्दाला अडखळले तर लगेच तोंडात शब्द घालू नये. मनात पाच अंक मोजावेत. त्याला जमले तर उत्तम. नाही जमले तर शब्द सांगून पुढे जावे. चुकीचा शब्द वाचला तरी वाक्य पुरे होऊ द्यावे. वाक्याच्या शेवटी अर्थ जुळत नाही हे पुष्कळदा मुलाच्याच लक्षात येते आणि ते मागे वळून स्वतः दुरुस्ती करते. ही दुरुस्ती ते अर्थाकडे लक्ष देत असल्याची खूण आहे. तिचे कौतुक करावे. डोक्यात टपली मारून "नीट वाच" म्हटल्याने कोणाचे वाचन सुधारल्याचे आम्ही पाहिलेले नाही. त्यामुळे मूल पुस्तक टाळायला मात्र शिकते.

वाचून झाल्यावर दोन प्रश्न पुरेत. "मुलाचे नाव काय होते?" असे स्मरणशक्तीचे प्रश्न टाळावेत. "त्याने असे का केले असेल?", "त्याच्या जागी तू असतीस तर?", "पुढे काय होईल असे वाटते?" असे प्रश्न मुलाला मजकुरात पुन्हा शिरायला लावतात. आपले मतही सांगावे. दोघांचे मत वेगळे पडले तर पुस्तकात आधार कोठे आहे ते मिळून शोधावे.

शब्द उकलण्याची सवय

चौथी-पाचवीच्या पुस्तकांतील अवघड शब्द बहुधा जोडून बनलेले असतात. ते उकलायला शिकवले की मुलाच्या हाती किल्लीच येते. आपल्या उपासनेतीलच शब्द घ्यावेत. 'पुनरुत्थान' हा शब्द मूल दर रविवारी म्हणते; 'पुनः' म्हणजे पुन्हा आणि 'उत्थान' म्हणजे उठणे, हे सांगितले की तो त्याचा होतो. 'पश्चात्ताप' हा शब्द पुष्कळ मुले, आणि मोठी माणसेही, एकाच 'त'ने लिहितात. 'पश्चात्' म्हणजे नंतर आणि 'ताप' म्हणजे मनाला होणारा दाह, ही फोड कळली की दोन 'त' कोठून आले हे समजते आणि पापनिवेदन संस्काराच्या तयारीत त्या शब्दाचा आशयही उमगतो. पहिल्या कम्युनियनची तयारी बहुतेक मुले याच वयात करतात. त्या काळात पाठ करून घेतलेल्या प्रार्थनांतील रोज एक शब्द असा उकलून दाखवला, तर धर्मशिक्षण आणि भाषाशिक्षण एकाच वेळी साधेल.

कोणते पुस्तक द्यावे

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्यवाचनाच्या महत्त्वाविषयी एक पत्र लिहिले. त्यात ते आपल्या तरुणपणाची आठवण सांगतात. १९६४-६५ मध्ये ते अर्जेंटिनातील सांता फे येथील येशूसंघीय शाळेत साहित्य शिकवीत. अभ्यासक्रमात एक प्राचीन स्पॅनिश महाकाव्य होते. विद्यार्थ्यांना मात्र गार्सिया लोर्का या आधुनिक कवीची ओढ होती. तेव्हा त्यांनी ठरवले की महाकाव्य मुलांनी घरी वाचावे आणि वर्गात त्यांच्या आवडीच्या लेखकांवर चर्चा व्हावी. आवडीच्या लेखनापासून सुरुवात केली की वाचकाची पावले पुढे आपोआप मोठ्या साहित्याकडे वळतात, असा त्यांचा अनुभव होता.

पालकांनीही हे ध्यानी घ्यावे. मुलाला क्रिकेटचे वेड असेल तर क्रिकेटचे पान, यंत्रांची आवड असेल तर यंत्रांचे पुस्तक द्यावे. विषयाची ओळख असली की वाचन कसे सोपे होते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली अमेरिकेत केला. बेसबॉल खेळाची चांगली माहिती असलेल्या, पण वाचनात कच्च्या समजल्या जाणाऱ्या मुलांना त्या खेळावरील उतारा अधिक चांगला समजला. वाचनात हुशार, पण खेळाची माहिती नसलेली मुले मागे राहिली. तात्पर्य असे की मुलाला बाजारात, शेतात, बंदरावर, कारखान्यात नेणे, वस्तूंची नावे सांगणे, आजीकडून जुन्या गोष्टी ऐकवणे हीसुद्धा वाचनाची तयारीच आहे.

मराठीत या वयासाठी उत्तम साहित्य आहे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचता येतात. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे', दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे', माधुरी पुरंदरे यांची पुस्तके मुलांना आपलीशी वाटतात. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी विनामूल्य उपलब्ध आहेत. तेथे एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत वाचण्याची सोयही पुष्कळदा मिळते. मुलाला पुस्तक झेपेल की नाही हे पाहण्यासाठी मधले एक पान वाचायला सांगावे आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे. पाचही बोटे मिटली तर ते पुस्तक तूर्त आपण वाचून दाखवावे. लहान भावंडासाठी आणलेले सोपे पुस्तक मोठ्या मुलाने वाचले तर त्याला हिणवू नये. लहान भावाला गोष्ट वाचून दाखवण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. त्याचा मानही राहतो आणि सरावही होतो.

लेखन म्हणजे नक्कल नव्हे

लेखनाच्या बाबतीत आपल्याकडे दोनच गोष्टी पाहिल्या जातात: अक्षर सुंदर आहे का आणि शुद्धलेखन बरोबर आहे का. दोन्ही आवश्यक आहेत. परंतु मार्गदर्शकातून 'माझा आवडता सण' उतरवून काढणाऱ्या मुलाने लेखन केले, असे आम्ही म्हणणार नाही. त्याने हाताचा व्यायाम केला. लेखन म्हणजे आपल्या मनातील गोष्ट दुसऱ्याला कळेल अशी कागदावर मांडणे.

त्यासाठी लिहिण्याला खरे कारण आणि खरा वाचक हवा. दुबईतील काकांना पत्र, बाजाराची यादी, आजीने सांगितलेली नाताळच्या करंज्यांची कृती, घरातील लग्नाची हकिगत, कुटुंबाच्या संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी स्वतः रचलेली दोन वाक्यांची विनंती, असे कितीतरी प्रसंग घरात असतात. मुलाला आधी बोलू द्यावे. कोण, कोठे, केव्हा, काय आणि का, या पाच प्रश्नांची उत्तरे ते बोलून गेले की, "आता हेच लिही," म्हणावे. कोऱ्या कागदाची भीती अशाने जाते.

शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांना लग्नानंतर पतीने, रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी, घरीच अक्षरओळख करून दिली. त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात भागांनी प्रसिद्ध झाले आणि मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणले जाते. त्याचे बळ घरगुती, बोलक्या भाषेत आहे. घरात लावलेले अक्षराचे रोप कोठवर वाढू शकते, याचे मराठी ख्रिस्ती समाजातील हे ठळक उदाहरण होय.

मुलाने लिहिलेले वाचताना प्रथम आशयाविषयी बोलावे. "तू आजोबांच्या होडीचे लिहिलेस ते मला आवडले, पण ती बुडता बुडता कशी वाचली ते मला कळले नाही," असे म्हटले की मूल आपण होऊन दोन वाक्ये वाढवते. चुका दाखवायच्या त्या एका वेळी एकाच प्रकारच्या असाव्यात. या आठवड्यात रफार, पुढच्या आठवड्यात ऱ्हस्व-दीर्घ, त्यापुढे पूर्णविराम. लाल शाईने भरलेली वही मुलाला एवढेच शिकवते की कमी लिहिले तर कमी चुका होतात.

अडचण खोलवर असेल तर

काही मुलांना इतके करूनही जमत नाही. अशा वेळी डोळे आणि कान यांची तपासणी आधी करून घ्यावी. फळ्यावरचे न दिसणारे मूल वर्षानुवर्षे 'ढ' ठरल्याची उदाहरणे आहेत. त्यात दोष नसेल आणि चौथी-पाचवीतही मूल साध्या शब्दांना अडखळत असेल, अक्षरांचा क्रम सतत उलटसुलट होत असेल, तोंडी उत्तरे चांगली देऊनही लिहिताना कोलमडत असेल, तर वाचन-अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सियाची, तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. हिचा बुद्धीशी संबंध नाही. २००७ सालच्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने हा विषय घरोघरी पोहोचवला, तरी संकोच अजून पुरता गेलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि अधिकृत प्रमाणपत्र असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत १९९६ पासून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था या क्षेत्रात कार्यरत आहे. मूल आठ-नऊ वर्षांचे असताना मदत मिळाली तर पुढची कितीतरी वर्षे त्याचा आत्मसन्मान शाबूत राहतो. लोक काय म्हणतील या भीतीने गमावलेली दोन वर्षे कोणी भरून देत नाही.

धर्मग्रामाचा वाटा

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात आई-वडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, असे स्पष्ट केले. शाळा त्यांना साहाय्य करते. त्यांची जागा घेत नाही. परंतु ज्या घरात आई-वडील दोघेही निरक्षर किंवा आजारी आहेत, जेथे वडिलांच्या व्यसनाने संध्याकाळ कोणाचीच उरत नाही, तेथील मुलाच्या शेजारी कोण बसेल? येथे धर्मग्रामाने पुढे आले पाहिजे. निवृत्त शिक्षक-शिक्षिका आपल्या प्रत्येक गावात आहेत. महाविद्यालयात शिकणारे युवक-युवती आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी चर्चच्या सभागृहात एका मोठ्या माणसाने एका मुलाजवळ बसून वाचावे, एवढी साधी योजना असली तरी पुरे. तिच्यासाठी इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. एका कपाटात शंभर पुस्तके आणि वेळ पाळणारी दहा माणसे लागतात.

धर्मशिक्षकांनाही आमची एक विनंती आहे. मिस्सेतील वाचनासाठी मुलाची निवड करताना त्याला उतारा चार दिवस आधी द्यावा, त्याचा अर्थ त्याच्याशी बोलावा आणि मगच उच्चारांची तयारी घ्यावी. आणि नेहमीच्या चार खणखणीत आवाजांऐवजी कधीतरी अडखळणाऱ्या मुलालाही संधी द्यावी. चार दिवस कोणीतरी त्याच्याजवळ बसून तयारी करून घेतली, हे त्याच्या जन्मभर स्मरणात राहील.

आज संध्याकाळी प्रारंभ करण्यास अडचण नसावी. घरात बायबल आहे. येत्या रविवारचे शुभवर्तमान उघडावे. अर्धे आपण वाचावे, अर्धे मुलाला वाचू द्यावे आणि त्यातला न कळलेला एक शब्द त्याने आपल्याला विचारावा, असे सांगावे. तो शब्द आपल्यालाही ठाऊक नसेल तर तसे मोकळेपणाने म्हणावे आणि दोघांनी मिळून तो शोधावा. आईबाबाही अजून शिकतात, हे पाहिलेले मूल शिकण्याला भीत नाही.